घरत बाईंची अकरा निरीक्षणे

शालिनी घरत गेल्या नोव्हेंबरच्या शेवटच्या बुधवारी सकाळी सव्वासात वाजता पनवेलमध्ये राहत्या घरी वारल्या. त्यांचे वय सदुसष्ट होते. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे आठवड्यातून तीन दिवस त्यांचे डायलिसिस होत असे. मृत्यूच्या आधीच्या शनिवारी आणि मंगळवारी त्या डायलिसिसला गेल्या नव्हत्या. टेबलावरचा लॅपटॉप चालू होता. एका क्ष-किरण दुर्बिणीने एकोणीस वर्षांत आकाशातल्या एकाच जागेची घेतलेली अकरा निरीक्षणे त्यात होती. नऊ एकमेकांशी जुळवून झाली होती. दोन राहिली होती.

मी त्यांना फार काळ ओळखत नव्हतो. पहिली भेट आणि त्यांचा मृत्यू यांत सात-आठ आठवडे गेले. मी पनवेलहून एका दैनिकाला बातम्या देतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रविवारच्या पुरवणीसाठी लेख लिहायला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडले, चपला कुठे काढायच्या ते सांगितले आणि माझ्या हातात दोन पारदर्शक शीट दिल्या. पूर्वी कॉलेजात प्रोजेक्टरवर ठेवून शिकवायला वापरत, त्या प्रकारच्या. दोन्ही अलीकडच्याच निरीक्षणांच्या. प्रत्येक शीटवर मधोमध एक धुरकट काळा ढग छापलेला होता आणि भोवती विखुरलेले बारीक ठिपके.

"खिडकीच्या काचेवर धरा," त्या म्हणाल्या, "आणि एकावर एक जुळवा."

मी ढगावर ढग ठेवला. त्या हसल्या.

"सगळे ढगच जुळवतात. दूधवाल्यानं तेच केलं, माझ्या डॉक्टरांनी तेच केलं, आमच्या दशरथनं तर दोनदा केलं. अहो पत्रकार, तो ढग म्हणजे फुटलेला तारा आहे. अजून फुगतोय तो. फुगणाऱ्या वस्तूवर खूण करून मोजमाप होतं का? होडी किती सरकली ते बघायचं, तर खूण धक्क्यावर लागते. हे कडेचे ठिपके बघा. लांबचे आहेत, हलत नाहीत. हा आपला धक्का."

दशरथ हा त्यांचा धाकटा भाऊ. बाईंनी लग्न केले नव्हते. उरण नाक्याजवळच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्या भाऊ आणि भावजयीसोबत राहत. घराणे गव्हाणचे. वडील तिथल्या मिठागरावर काम करत आणि दहावीपर्यंत उन्हाळ्यात बाईही वाफ्यांवर जात. ते मिठागर आता नाही. जमीन प्रकल्पात गेली, तिथे कंटेनरचे यार्ड आहे. हे त्या सांगत तेव्हा आवाजात तक्रार नसे. "बाबांनी मला एकच शिकवलं," एवढे म्हणत, "पाणी सपाट आहे असं वाटलं तरी काठी लावून बघायचं."

एकतीस वर्षे त्यांनी पनवेलच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. शिकवताना भाषा शहरी, पुस्तकातली. राग आला की ती गव्हाणची होई. त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने मला सांगितले, "बाई 'आहे' म्हणत होत्या तोवर आम्ही मागच्या बाकावर गप्पा मारायचो. 'हाय' म्हणाल्या की वर्ग चिडीचूप." प्रयोगाच्या वहीत कुणी आलेख नुसता बघून उत्तर लिहिले, तर लाल पेनाने त्या शेजारी एकच वाक्य लिहीत: डोला लय खोटारडा हाय. खाली सही.

त्यांचे काम त्या दोन मिनिटांत समजावून सांगत. क्ष-किरण हवेतून जमिनीपर्यंत पोचत नाहीत, म्हणून दुर्बीण वर अवकाशात ठेवावी लागते. दर वेळी बघताना ती जरा वेगळ्या कोनात कललेली असते. आपण नेमके कुठे बघतो आहोत हा तिचा स्वतःचा अंदाजही केसभर चुकतो. त्यामुळे एकाच जागेची अकरा चित्रे आपोआप एकमेकांवर बसत नाहीत. कडेच्या स्थिर ताऱ्यांवरून एकेक सरकवून बसवावे लागते. मग ती एकत्र करता येतात. दुर्बिणीची निरीक्षणे काही काळाने जगात कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. बाईंनी ती घरी बसून उतरवून घेतली होती.

"त्या मधल्या बारक्या ताऱ्याकडून एका निरीक्षणात क्ष-किरणांचे किती कण आले? चौदा," त्या म्हणाल्या. "चौदा ठिपक्यांत कुणाला काय दिसणार? एखाद्याला गणपती दिसेल. अकरा निरीक्षणं एकत्र केली की दीडशेच्या वर जातात. मग तारा आहे म्हणायला तोंड राहतं."

तो मधला बारका तारा हाच त्यांच्या कामाचा विषय होता. मोठा तारा फुटला की कधीकधी त्याचा गाभा मागे उरतो. या ढगाच्या मध्यापासून थोडा बाजूला असा एक मंद ठिपका होता. जुनी आणि नवी निरीक्षणे जुळवून बाईंनी दाखवले होते की एकोणीस वर्षांत तो सरकला आहे, म्हणजे स्फोटाच्या जागेपासून तो वेगाने दूर पळतो आहे. हे काम त्या स्नेहल नाखवा हिच्यासोबत करत होत्या.

स्नेहल उरणजवळच्या करंजाची. वडिलांची मासेमारीची बोट आहे. बी.एस्सी.ला ती बाईंकडे होती, पुढे मुंबईत पीएच.डी. केली आणि त्यानंतर दोन वर्षे नोकरीवाचून घरी होती. त्या दोन वर्षांत ती एसटीने पनवेलला येई आणि बाईंच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून काम करी. ऑगस्टमध्ये त्यांचा शोधनिबंध एका परदेशी मासिकात आला. पहिले नाव स्नेहलचे, दुसरे बाईंचे. त्या निबंधाच्या जोरावर युरोपातल्या एका संस्थेने तीन वर्षांच्या संशोधनाच्या जागेसाठी स्नेहलची निवड केली. अंतिम पत्र नोव्हेंबरअखेर यायचे होते, रुजू जानेवारीत व्हायचे होते. "पोरगी जाते एकदाची," बाई मला म्हणाल्या. "मग मला हे टेबल पूर्ण मिळेल."

लेखासाठी मी त्यांच्याकडे दोन चित्रे मागितली: तारा आधी कुठे होता आणि आता कुठे आहे. वाचकाला एका नजरेत कळले पाहिजे, असे मी म्हणालो. तोवर बाईंनी सर्वांत जुनी तीन निरीक्षणे कधी वेगळी एकत्र केली नव्हती, गरज पडली नव्हती. माझ्यासाठी त्यांनी ती केली. चित्रे सोमवारी संध्याकाळी, मुदतीच्या शेवटच्या तासात मेलने आली. बुधवारी पुरवणी छापून झाली.

शुक्रवारी सकाळी जुन्या कॉलेजातल्या एका व्याख्यानासाठी बाईंनी तीच दोन चित्रे शीटवर छापून घेतली आणि खिडकीच्या काचेवर धरली. अकरा वाजून वीस मिनिटांनी मला फोन आला.

"पत्रकार, तो लेख थांबवा."

"बाई, पुरवणी परवाच छापली. गठ्ठे गेले."

"मग जाळा."

"असं होत नाही, बाई."

"खोटं छापलंय तुम्ही. मी दिलेलं खोटं."

चार वाजता मी त्यांच्या घरी पोचलो. त्यांनी पुन्हा शीट हातात दिल्या. या वेळी मी कडेचे ठिपके धरले. बाईंनी कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर नख ठेवले. संदर्भाला घेतलेल्या सहा ताऱ्यांतला तो चौथा. तो दोन्ही शीटवर तंतोतंत बसत होता. बाकीचे सगळे ठिपके एकाच बाजूला, सारख्याच अंतराने सरकलेले होते. मधला तारासुद्धा तेवढाच.

"एकटा हा उभा आणि बाकी सगळं आभाळ पळतंय," त्या म्हणाल्या. "रिक्षात बसलं की विजेचे खांब पळतात ना, तसं. मग पळतोय कोण?"

"हा चौथा."

"चार नंबर. जवळचा तारा हाय तो. जवळचा, म्हणून त्याची चाल दिसते. आमी त्याला धक्का समजलो."

चूक कशी झाली हे त्यांनी दुपारपर्यंत शोधून ठेवले होते. सर्वांत जुनी तीन निरीक्षणे थोड्या वेळाची होती. त्यांत चार नंबर सोडला तर एकही संदर्भतारा मोजता येण्याइतका ठळक नव्हता, म्हणून ती तिन्ही त्या एकाच्या आधाराने बसवली गेली. तिन्ही एकत्र केल्यावर बाकीचे ठिपके प्रथमच उमटले आणि फरक दिसला. चार नंबरची एकोणीस वर्षांची चाल उलटी होऊन मधल्या ताऱ्याच्या नावावर चढली होती. ताऱ्यांच्या ज्या सूचीतून या सहा जणांच्या जागा घेतल्या, त्या सूचीत प्रत्येकाच्या चालीचा रकाना होता. स्नेहलने यादी करताना जागांचा रकाना घेतला, चालीचा घेतला नाही. यादीचा कागद बाईंच्या फायलीत होता. सहाही नावांपुढे लाल पेनाची टिक होती. वर तारीख होती आणि वार होता, गुरुवार. डाव्या हातात सुया घालून डायलिसिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या बाईंनी ती यादी तपासली होती.

साडेपाचला स्नेहल आली. तिने शीट काचेवर धरल्या आणि बराच वेळ हात खाली घेतला नाही.

"छापताना कागद सरकला असेल, मॅडम."

"छापखान्यावर ढकलू नको. आकडे काढून ठेवलेत. बस आणि बघ."

ती अर्धा तास लॅपटॉपपुढे बसली. मग म्हणाली, "यादी मी केली होती."

"टिक माझी हाय."

"रकाना मी सोडला, मॅडम."

"आणि मी तपासायला बसले होते ती कशाला? टिक कुणाची? माझी हाय. मासिकाला पत्र जाईल, त्यात माझं नाव जाईल."

"पत्र जाऊ दे. जायलाच पाहिजे. पण माझं फायनल लेटर महिनाअखेर येतं, पुढच्या. सहा आठवडे थांबा. सहा आठवड्यांत तारा काय पळून जातोय?"

"तेच सांगतेय. पळत नाय तो."

स्नेहल हसली. मग तिला रडू आले. "तुम्हाला काय, मॅडम," ती म्हणाली. "तुमचं सगळं करून झालंय."

 बाई शांतपणे, शहरी भाषेत बोलल्या. "संस्थेला तू स्वतः लिही. सोमवारी दुपारी बारापर्यंत. तू आधी सांगितलंस तर तुझी किंमत राहील. बारानंतर मी मासिकाला लिहिणार. मग त्यांना तिकडून कळेल."

"सहा आठवडे, मॅडम."

"नाय."

रविवारी लेख अर्धे पान आला. 'पनवेलच्या बाईंनी पकडला पळता तारा' हा मथळा मी दिला होता. संध्याकाळपर्यंत करंजाच्या धक्क्यावर फ्लेक्स लागला. त्यावर स्नेहलचा मोठा फोटो, कोपऱ्यात आमच्या पानावरून घेतलेला बाईंचा फोटो आणि गावातल्या चौदा शुभेच्छुकांची तोंडे होती.

सोमवारी सकाळी दशरथने रिक्षा ठरवून दिली. बाई करंजाला निघाल्या, मी बरोबर गेलो. पोचलो तेव्हा मासळीचा लिलाव आटोपला होता. स्नेहलची आई घरापुढे दांडीवर बोंबील वाळत घालत होती. बाईंना बघून तिने पदराला हात पुसले.

"या बाय, बसा. पानी आन गं कुनी."

"बसत नाय. तो फ्लेक्स उतरवा."

"का वं? नाव चुकलंय?"

"नाव बरोबर हाय. काम चुकलंय. तारा पलत नाय."

आई म्हणाली, "बाय, तारा पलतो का नाय पलत, आमाला काय करायचंय? पोर दोन वरीस घरात बसली व्हती. लोकं इचारायची, एवरी शिकून काय केलंस. आता जाते तर तुमी आडव्या येता? तुमीच शिकवलंत ना तिला?"

"मी आडवी येत नाय. चूक आडवी हाय."

"ती कुनाला दिसली? तुमालाच ना? मग गप बसा की."

"दिसलीय, बाय. आता कशी गप बसू?"

स्नेहलचे वडील बोटीवर होते. त्यांनी सगळे ऐकले. ते खाली उतरले, कमरेच्या सुरीने फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या आणि त्याची गुंडाळी करून बोटीत टाकली. "ताडपत्री होईल," एवढेच म्हणाले.

स्नेहल दारात उभी होती. तिने संस्थेला लिहिले नव्हते. "बारा वाजायला आलेत, मॅडम," ती म्हणाली. "घरी पोचायला उशीर होईल तुम्हाला."

"फोनवरून पण जातं," बाई म्हणाल्या.

पत्र गव्हाण फाट्यावर रिक्षा थांबवून पाठवले. वेळ बारा वाजून दहा मिनिटे. त्यांनी मला मोठ्याने वाचायला सांगितले. चार वाक्ये होती. चौथे असे: संदर्भताऱ्यांची यादी तपासण्याची जबाबदारी माझी होती आणि ती मी पार पाडली नाही. स्नेहलचे नाव पत्रात नव्हते.

बुधवारी त्या आमच्या कार्यालयात आल्या. खुलासा छापा म्हणाल्या. संपादकांनी सातव्या पानावर दोन ओळी दिल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते कात्रण माझ्या फोनवर पाठवले आणि खाली लिहिले, "चूक अर्धं पान, दुरुस्ती दोन ओळी. कुठलं माप हे?"

निष्कर्षात चूक आढळल्याची सूचना मासिकाने निबंधावर लावली. संस्थेने स्नेहलला कळवले की निवड तूर्त स्थगित आहे. निर्णय महिनाअखेरीस होईल आणि तोवर दुरुस्त केलेले मोजमाप आले, तर ते विचारात घेतले जाईल. संस्थेने या मेलची प्रत मासिकालाही दिली होती, ती मासिकाच्या पत्राला जोडून बाईंनाही मिळाली. त्या दिवसापासून त्यांनी अकराही निरीक्षणे पहिल्यापासून जुळवायला घेतली. निष्कर्ष चुकला तरी पद्धत बरोबर आहे आणि चूक दुरुस्त करता येते, हे महिनाअखेरच्या आत दाखवले तर स्नेहलची जागा वाचण्याची शक्यता होती. हे त्यांनी मला सांगितले. स्नेहलला सांगितले नाही. करंजाच्या त्या सोमवारनंतर स्नेहलने या कामाला हात लावला नव्हता.

काम सोपे नव्हते. प्रत्येक निरीक्षणातून आधी सौरवादळांत खराब झालेला वेळ कापून काढायचा. मग मंद ठिपके शोधायचे, प्रत्येकाची जागा त्या वर्षाच्या हिशेबाने पुढे-मागे करायची, मग चित्र सरकवायचे आणि सगळे दुसऱ्यांदा तपासायचे. पूर्वी दुसऱ्यांदा तपासायला समोर स्नेहल असे. आता बाई दोन्ही बाजूंना बसत. म्हणजे शब्दशः उठून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जात आणि आपलाच कागद परक्यासारखा वाचत. मी नोव्हेंबरमध्ये दोनदा गेलो, दोन्ही वेळा हे पाहिले. पाय सुजलेले होते. उठायला टेबलाचा आधार लागत होता.

"स्नेहलला बोलवा ना," मी म्हणालो.

"कुठल्या तोंडानं?"

"तिच्यासाठीच चाललंय हे."

"म्हणून तर. झालं की पाठवीन. आधी सांगितलं आणि झालं नाही, तर परत तिच्या तोंडचं काढून घेतल्यासारखं."

डायलिसिसच्या दिवशी त्या या कामाला हात लावत नसत. खुर्चीतून उतरल्यावर डोके दिवसभर बधिर राहते, हे त्यांना आधीही ठाऊक होते. आता त्यांनी त्याचा नियम केला होता. त्यामुळे आठवड्याचे चार दिवस उरत. केंद्रातली नर्स मला म्हणाली, "चार तासांचं तीन तासांत आटपा म्हणायच्या. मी ओरडायचे. म्हटलं, मॅडम, पोटॅशियम बघा जरा, वाढलं की हृदयावर येतं. तर म्हणाल्या, तुम्ही माझं रक्त गाळता, मी माझे आकडे गाळते, दोघींना वेळ लागतो."

शेवटच्या आठवड्यात चार निरीक्षणे बाकी होती. शनिवारी त्या केंद्रावर गेल्या नाहीत. दशरथने विचारले तेव्हा म्हणाल्या, बरे वाटते आहे. मंगळवारी त्याने रिक्षा बोलावली होती, ती त्यांनी परत पाठवली.

"आज नाय जात, दशरथ. गेले की दिवस जातो."

"ताय, डॉक्टरनी सांगितलंय."

"उद्या जाते. दोनच राहिलीत."

बुधवारी सकाळी भावजय चहा घेऊन गेली तेव्हा त्या पलंगावर होत्या. श्वास चालू होता. डॉक्टर पोचेपर्यंत थांबला. चुकलेल्या दोन वेळांमुळेच असे झाले का, हे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "तसं मी लिहून देणार नाही. तसं नाही, असंही म्हणणार नाही." प्रमाणपत्रावर हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद आहे.

दुपारी अंत्यसंस्कार झाले. गव्हाणहून दोन टेम्पो माणसे आली. जुने विद्यार्थी होते. स्नेहल नव्हती. बाईंनी तिच्यासाठी महिनाभर काय चालवले होते, हे तिला गुरुवारी दशरथने फोनवर सांगितले. शुक्रवारी सकाळी नऊला ती आली, बाईंच्या टेबलाशी बसली आणि लॅपटॉप उघडला. बाईंनी प्रत्येक निरीक्षणाचा वेगळा कागद करून ठेवला होता. त्यांवर तारीख, वार, वापरलेले तारे, सरकवलेले अंतर लिहिलेले होते. नऊ कागद भरलेले होते. तिने ते नऊही आधी तपासले. दशरथच्या म्हणण्याप्रमाणे त्यांत तिला एकही चूक सापडली नाही. उरलेली दोन तिने शनिवारी पूर्ण केली आणि रविवारी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, अकराही एकत्र केली. मधल्या ताऱ्याचे एकोणीस वर्षांतले सरकणे मोजमापाच्या त्रुटीपेक्षा कमी निघाले. तो पळत असल्याचा पुरावा नव्हता. तारा मात्र होता. एकत्रित चित्रात त्याचे एकशे एकसष्ट कण मोजले गेले.

स्नेहलने हे मोजमाप रविवारी दुपारी मासिकाला आणि संस्थेला पाठवले. पत्रात तिने लिहिले की यादीत रकाना सोडण्याची चूक तिची स्वतःची होती. संस्थेचे उत्तर मंगळवारी आले. उत्तरात आभार मानले होते, घरत यांच्या निधनाबद्दल खेद व्यक्त केला होता आणि जागेचा निर्णय शुक्रवारच्या बैठकीत झाल्याचे कळवले होते. रविवार सुट्टीचा म्हणून बैठक दोन दिवस आधी घेतली होती.

दुरुस्ती मासिकात फेब्रुवारीत प्रसिद्ध झाली. तिच्यावर दोन नावे आहेत. बाईंच्या नावापुढे त्या हयात नसल्याची खूण आहे. स्नेहल नाखवा सध्या उरणच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते. युरोपातल्या त्या जागेवर दुसरा उमेदवार मार्चमध्ये रुजू झाला.